बाटलीत न मिळणारं ऑक्सिडंट

डायमिथिलडायऑक्सिरेन, लॅबच्या भाषेत डीएमडीओ, हे ऑक्सिडंट, म्हणजे दुसऱ्या रेणूला ऑक्सिजन देणारं. पण ते काही पुरवठादाराला फोन करून "उद्या अर्धा लिटर पाठवा" म्हणण्यासारखं रसायन नाही. ज्याला हवं त्याने स्वतः करायचं, मोजायचं आणि शक्यतो त्याच दिवशी वापरून टाकायचं. पुण्यात पाषाणच्या बाजूला एका लॅबमध्ये पीएचडी करताना मला ते लागलं आणि ऐन पावसाळ्यात मी ते करायला शिकले.

मुळात एवढा खटाटोप कशाला, तर माझं काम साखरेवर. ग्लायकॅल नावाचं साखरेचं एक रूप असतं, त्यात पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. त्यावर एक ऑक्सिजन बसवला की इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनची रिंग) मिळतं आणि त्या इपॉक्साइडला पुढे अल्कोहोल किंवा दुसरी साखर जोडता येते. दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवायचा म्हटलं की ऑरगॅनिकवाल्यांचा हात आपसूक एमसीपीबीए या नेहमीच्या ऑक्सिडंटच्या डब्याकडे जातो. पांढरी पावडर, फ्रिजमध्ये पडलेली असते, वजन करा आणि टाका. पण आपला ऑक्सिजन देऊन झाला की एमसीपीबीएचं मेटाक्लोरोबेंझोइक आम्ल होतं. साध्या अल्कीनच्या (दुहेरी बंधवाल्या संयुगाच्या) बाबतीत त्याने काही बिघडत नाही, बायकार्बोनेटने धुतलं की गेलं. ग्लायकॅलचं इपॉक्साइड मात्र इतकं नाजूक की धुवायची वेळ येईपर्यंत त्याच आम्लाने ते उघडलेलं असतं. मग एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत) हवं ते सोडून बाकी सगळं दिसतं.

डीएमडीओचं वेगळेपण इथे आहे. एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन अशी तिघांची रिंग. कार्बनला आपले बंध १०९ अंशांच्या आसपास पसरून ठेवायची सवय, आणि या रिंगमध्ये ते ६० अंशांच्या जवळपास दाबले गेलेले. त्यात ऑक्सिजन-ऑक्सिजन हा बंध मुळातच अशक्त. त्यामुळे एक ऑक्सिजन कुणाला तरी देऊन टाकायची या रेणूला घाई असते, आणि दिल्यावर मागे काय उरतं, तर अ‍ॅसिटोन. आम्ल नाही, क्षार नाही, धुवायला काही नाही. रोटाव्हॅपवर (व्हॅक्यूमखाली द्रावक उडवायच्या यंत्रावर) उडवलं की फ्लास्कमध्ये इपॉक्साइड तेवढं राहतं. ग्लायकॅलसाठी ही युक्ती हॅलकोंब आणि डॅनिशेफ्स्की यांनी १९८९ मध्ये दाखवली आणि त्यानंतर साखरेवर काम करणाऱ्यांनी ती सोडलेली नाही.

या रिंगचा इतिहासही मजेशीर आहे. १८९९ मध्ये बायर आणि व्हिलिगर यांनी कीटोनपासून (अ‍ॅसिटोनच्या जातीच्या संयुगापासून) लॅक्टोन नावाचं रिंगवालं एस्टर केलं तेव्हा मध्ये कुठेतरी अशी तीन जणांची रिंग होत असावी, असा त्यांचा अंदाज होता. १९५३ मध्ये जड ऑक्सिजनची खूण लावून केलेल्या प्रयोगाने सिद्ध झालं की त्या अभिक्रियेत ती होत नाही. म्हणजे ज्या अभिक्रियेसाठी ही रिंग कल्पिली तिथे ती नव्हतीच, पण रिंग स्वतः मात्र खरी निघाली. १९८५ मध्ये मरे आणि जयरामन यांनी अ‍ॅसिटोन आणि ऑक्सोन (एक ऑक्सिडंट क्षार, त्याबद्दल पुढे) एकत्र करून निघालेलं डायऑक्सिरेन अ‍ॅसिटोनबरोबरच उर्ध्वपातित केलं आणि त्याचं द्रावण लोकांच्या हाती दिलं. आजही आम्ही तेच करतो, काचसामान थोडं बदललंय इतकंच.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिली अडचण रसायनाची नव्हतीच, ती होती ड्राय आइसची. उर्ध्वपातित होणारं द्रावण उणे ७८ अंशांवर धरायचं असतं, त्यासाठी ड्राय आइस आणि अ‍ॅसिटोनचा बाथ लागतो. आमचा ड्राय आइस भोसरीकडून यायचा. लॅबचे मामा थर्मोकोलचा डबा गाडीच्या मागे बांधून सकाळी निघायचे, नाशिक फाटा, औंध करत परत यायचे. औंधच्या ट्रॅफिकवर दिवसाचं गणित ठरायचं. मी उत्साहाने त्यांना गुरुवार सांगितला तर म्हणाले, "ताई, गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. रिकामा डबा आणायचा असेल तर जातो." मग शनिवार ठरला. शनिवारी लॅबमध्ये गर्दी कमी आणि चांगला रोटाव्हॅप मोकळा मिळतो, हेही खरं. पण अगदी एकटीने हे काम करायचं नाही ही सरांची अट होती, त्यामुळे एक सिनियर दादा नाइलाजाने शनिवारी यायचा आणि दुपारच्या जेवणाचं बिल माझ्याकडून वसूल करायचा.

ड्राय आइस ठोकळ्यात येतो. गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायचा आणि थर्मॉससारख्या ड्युअर फ्लास्कमधल्या अ‍ॅसिटोनमध्ये थोडा थोडा सोडायचा. घाईने भसकन टाकला तर अ‍ॅसिटोन खवळून बाहेर येतं. आधी जोरात बुडबुडे, मग हळूहळू शांत, आणि द्रव किंचित दाटसर दिसायला लागला की समजायचं, झालं.

मग ऑक्सोन. हे एका तिहेरी क्षाराचं व्यापारी नाव, त्यातलं कामाचं रसायन म्हणजे पोटॅशियम पेरॉक्सीमोनोसल्फेट. जलतरण तलावाच्या पाण्यासाठी आणि कवळी धुवायच्या गोळ्यांमध्येही हेच असतं. स्वस्त, पांढरं, वास नसलेलं. पण स्टोअरमधून आलेली पिशवी बघूनच दादाने नाक मुरडलं. कुणीतरी कधीतरी उघडून नुसती दुमडून ठेवलेली, आणि बाहेर जुलै. आत गठ्ठे झाले होते. दादाने आधी त्याचा सक्रिय ऑक्सिजन, म्हणजे दुसऱ्याला देता येईल तेवढा, मोजायला लावला. ताज्या ऑक्सोनमध्ये तो साडेचार टक्क्यांच्या वर असतो, आमचा चारच्याही खाली आला. तो बाजूला ठेवून नवी पिशवी मागवली, आली त्याच दिवशी छोट्या बाटल्यांत भरून सिलिका जेलबरोबर डेसिकेटरमध्ये ठेवली. पावसाळ्यात पुण्यात हे काम करणाऱ्याने ऑक्सोनवर विश्वास ठेवायच्या आधी तो मोजावा. यात जाणारा अर्धा तास पुढचा अख्खा दिवस वाचवतो.

अभिक्रिया दिसायला साधी असते. मोठ्या गोल फ्लास्कमध्ये पाणी, अ‍ॅसिटोन आणि भरपूर सोडियम बायकार्बोनेट, खाली बर्फ, आत अंड्याच्या आकाराचा जाडजूड मॅग्नेट. बायकार्बोनेट सगळं विरघळत नाही, पांढरा गाळ फिरत राहतो. त्याचं काम पीएच साताच्या थोडा वर धरून ठेवायचं. ऑक्सोन आम्लधर्मी आहे, तो पडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दूध उतू जावं तसा फेस चढतो. म्हणून पन्नासेक मिलिलीटर द्रवासाठी लिटरभराच्या वरचा फ्लास्क घ्यायचा, आणि हे बघून नव्या माणसाला हसू येतं. पीएच राखणं हा नुसता उत्पादनाचा प्रश्न नाही. अ‍ॅसिटोन आणि पेरॉक्साइड एकत्र असताना तिथे आम्ल येणं धोक्याचं, त्यातून स्फोटक पदार्थ होऊ शकतात. आमच्या फ्यूमहूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) त्या दिवशी आम्लाची एकही बाटली ठेवायची नाही हा दादाचा नियम, आणि तो अजिबात फाजील नाही.

आत काय चाललेलं असतं? पेरॉक्सीमोनोसल्फेट अ‍ॅसिटोनच्या कार्बोनिलवर (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधावर) बसतं, मग त्याचा एक ऑक्सिजन वळून त्याच कार्बनला चिकटतो आणि सल्फेट बाहेर पडतं. रिंग तयार. पण तयार झालेल्या रिंगवर उरलेला ऑक्सोनच हल्ला करतो आणि दोघं मिळून ऑक्सिजन वायू होऊन जातात. त्यामुळे पातेल्यात बनेल त्यातलं बरंचसं तिथल्या तिथे खर्च होतं. पंचवीस ग्रॅम ऑक्सोनमध्ये सुमारे ८१ मिलिमोल (रेणूंच्या संख्येचं माप) पेरॉक्सीमोनोसल्फेट असतं आणि हातात येतं दोनेक मिलिमोल डीएमडीओ. दोन-अडीच टक्के! दुसऱ्या कुठल्याही अभिक्रियेत ही यील्ड ग्रुप मीटिंगला दाखवली असती तर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला असता. इथे कुणी काही म्हणत नाही, कारण ऑक्सोन आणि अ‍ॅसिटोन दोन्ही स्वस्त, आणि जे मिळतं ते स्वच्छ मिळतं.

फ्लास्क रोटाव्हॅपला लावायचा, व्हॅक्यूम द्यायचा, पलीकडचा सापळा (वाफ थंड करून धरणारं भांडं) ड्राय आइसमध्ये. इथे एक गोष्ट मला दादाकडून कळली, ती लिहूनच ठेवते. आम्हाला आत साधारण १५५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब हवा होता. आमच्या पंपावरचा काट्याचा गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत किती ओढलं गेलं ते दाखवतो. पुस्तकी हिशेबाने ७६० वजा १५५, म्हणजे काटा ६०५ वर न्यायचा. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, इथल्या हवेचा दाब ७१० च्या आसपास. काटा ६०५ वर नेला तर आत १०५ च उरतात, अ‍ॅसिटोनबरोबर पाणीही जास्त ओढलं जातं आणि फेस वर चढून सापळ्यात येतो. आमच्या गेजच्या काचेवर मार्करने '५५५' लिहून खाली रेघ मारलेली आहे. मुंबईहून आलेल्या एका पोस्टडॉकने ती रेघ पाहून विचारलं होतं, हा कुणाचा लकी नंबर?

बाथ आधी खोलीच्या तापमानाला, मग हळूहळू चाळिसापर्यंत. सापळ्यात थेंब जमायला लागतात. पहिल्यांदा बघताना वाटतं, नुसतं अ‍ॅसिटोनच येतंय. मग मागे पांढरा कागद धरला की फिकट पिवळी झाक दिसते, लिंबाच्या सरबतात लिंबू जरा कमीच पडलंय इतपत. त्या पिवळ्याचं मला अजूनही अप्रूप आहे. वीसपंचवीस मिलिलीटर जमलं की थांबायचं. जास्त लोभ केला तर नुसतं पाणी येतं.

धातू मात्र जवळ येऊ द्यायचा नाही. लोखंडाचा अंशसुद्धा डीएमडीओचं विघटन करतो, म्हणून स्टीलची सुई, स्टीलचा स्पॅट्युला सगळं बाजूला. काचेचा थंड केलेला मेजरिंग सिलिंडर आणि काचेची पिपेट. द्रावण आटवून घट्ट करायचा विचारही करायचा नाही, ते पातळ आहे म्हणूनच सांभाळता येतं. आणि पावसाळी हवेत उणे ७८ वरून काढलेल्या काचेवर क्षणात दव धरतं, ते पुसल्याशिवाय बूच उघडलं तर पाणी थेट द्रावणात. माझ्या इपॉक्साइडला पाणी चालत नाही, त्यामुळे द्रावण थंड ठेवूनच पोटॅशियम कार्बोनेटवर, मग मॉलिक्युलर सिव्हवर सुकवायचं.

पुढचा टप्पा मोजमापाचा, म्हणजे द्रावण किती मोलर (लिटरमागे किती मोल) ते काढायचा, आणि माझ्या मते लोक सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच करतात. "साधारण ०.०८ मोलर असेल" असं धरून चालणारे पाहिलेत. साधारण ०.०८ कधी ०.०५ निघतं, मग अर्धं ग्लायकॅल तसंच राहतं आणि दोष साखरेला. आयोडिनची पद्धत सगळ्यांना माहीत असते: पोटॅशियम आयोडाइड, थोडं असेटिक आम्ल, सुटलेलं आयोडिन थायोसल्फेटने मोजायचं. ही चाचणी वेगळ्या टेबलावर, मिलिलीटरभर द्रावणावर करायची. ०.०८ मोलरच्या एका मिलिलीटरला ०.०१ मोलर थायोसल्फेट सोळाएक मिलिलीटर लागतं. पण यात एक मेख आहे. अ‍ॅसिटोन आणि आयोडिन आम्लात एकमेकांशी अभिक्रिया करतात, बीएस्सीच्या कायनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी ती स्टॉपवॉच घेऊन केलेली असते. तीच इथे आडवी येते. हात सावकाश चालला तर अ‍ॅसिटोनच आयोडिन खाऊन टाकतं आणि उत्तर कमी येतं.

म्हणून आम्ही थायोअ‍ॅनिसोल हे गंधकाचं संयुग (एक सल्फाइड) वापरतो. वास भयंकर. मावशी दारातूनच "आज काय सडवलंत?" विचारून परत जातात. ठराविक वजनाचं थायोअ‍ॅनिसोल, डीएमडीओपेक्षा जास्तच घ्यायचं, त्यात ठराविक आकारमानाचं द्रावण टाकायचं. सल्फर लगेच ऑक्सिजन उचलतो, सल्फाइडचं सल्फॉक्साइड होतं. एनएमआरमध्ये सल्फाइडचा मिथिल २.५ पीपीएमच्या (एनएमआरच्या पट्टीवरचं एकक) आसपास, सल्फॉक्साइडचा २.७ च्या आसपास. दोन उंच, सुटसुटीत शिखरं. क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढलं की डीएमडीओ किती ते कळतं. सल्फाइड कमी घेतलं तर सल्फॉक्साइडवर आणखी एक ऑक्सिजन चढून सल्फोन होतं आणि तीनच्या पुढे तिसरं शिखर उगवतं, तेव्हा जास्त घ्यायला कंजूषपणा नको.

एवढं सगळं झाल्यावर खरी अभिक्रिया म्हणजे निव्वळ विश्रांती. ट्रायबेंझिल ग्लुकॅल, एक मिलिमोल म्हणजे ४१६ मिलिग्रॅम, सुकवलेल्या डीसीएममध्ये (एक द्रावक), शून्य अंशावर. त्यात पंधराएक मिलिलीटर डीएमडीओचं द्रावण सोडलं. उष्णता जाणवत नाही, रंग बदलत नाही, पिवळेपणा तेवढा विरत जातो. टीएलसीवर (सिलिकाच्या पट्टीवर ठिपके वेगळे करायच्या चाचणीवर) फार भरवसा ठेवता येत नाही, कारण इपॉक्साइड सिलिकावरच उघडतं आणि पट्टीवर खाली ओघळ दिसतो. ग्लुकॅलचा ठिपका गेला इतकंच त्यावरून समजायचं. मग थंडच रोटाव्हॅप, शेवटी पंपावर. एनएमआरसाठी क्लोरोफॉर्म घेताना तो बेसिक अ‍ॅल्युमिनावरून काढून घेतला, कारण जुन्या बाटलीतल्या क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो आणि त्याने नळीतच घात होतो. ६.४ पीपीएमच्या आसपासचं ग्लुकॅलचं शिखर गायब, पाचच्या किंचित अलीकडे नवा डब्लेट (जोडशिखर), आणि तीनच्या जवळ दुसऱ्या कार्बनचा हायड्रोजन. सगळी रेघ स्वच्छ. सर मागे उभे होते, म्हणाले, "अगं, कॉलम न करता हे?" (कॉलम म्हणजे सिलिकातून गाळून शुद्ध करणं.) मी म्हटलं, "सर, धुतलंसुद्धा नाही." त्यावर त्यांनी लगेच "मग आजच मिथेनॉल टाक, उद्यावर ठेवू नकोस" म्हणून रविवार वाचवला. मिथेनॉलने इपॉक्साइड उघडून बीटा मिथिल ग्लुकोसाइड मिळालं, पहिल्या कार्बनवर, हव्या त्या बाजूने.

त्यानंतर लॅबमध्ये मी डीएमडीओवाली झाले आणि जो तो आपलं अल्कीन घेऊन येऊ लागला. त्यातल्या बहुतेकांना मी परत पाठवते. साधं अल्कीन असेल, इपॉक्साइड आम्लाला टिकणारं असेल तर एमसीपीबीए घ्या, शनिवार घरी काढा. एकाच हाताचं (आरशातल्या दोन रूपांपैकी एकच) इपॉक्साइड हवं असेल तर यिआन शी यांनी १९९६ मध्ये दाखवलेली पद्धत बघा: फ्रुक्टोजपासून केलेलं कीटोन, तोच ऑक्सोन, पीएच साडेदहाच्या आसपास. डायऑक्सिरेन फ्लास्कमध्येच होतं आणि तिथेच खर्च होतं, ड्राय आइस नको की उर्ध्वपातन नको. पीएच खाली आला तर मात्र ते कीटोन स्वतःच वरच्या बायर-व्हिलिगर अभिक्रियेला बळी पडतं. ईनोलेटवर (कीटोनच्या ऋणभारित रूपावर) हायड्रॉक्सिल बसवायचा असेल तर तीन जणांची दुसरी रिंग आहे, ऑक्साझिरिडीन, ज्यात एका ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन असतो. डेव्हिस यांची ही रसायनं स्फटिकरूपात बाटलीत राहतात, वजन करून टाकता येतात, स्वभावाने बरीच समंजस. आणि ज्याला साध्या कार्बन-हायड्रोजन बंधात ऑक्सिजन घुसवायचा आहे त्याला ट्रायफ्लुओरो भाऊ लागतो, टीएफडीओ. इटलीतल्या बारी इथल्या कुर्ची यांच्या गटाने १९८८ मध्ये तो दिला. डीएमडीओपेक्षा हजारपट चपळ. पण तो ज्यापासून करतात ते कीटोन २२ अंशांना उकळतं, आणि पुण्यात खोलीचं तापमान बावीस असतं ते डिसेंबरात वगैरे. आमच्या लॅबमध्ये ती बाटली मागवायचा विषय निघतो आणि चहा संपेपर्यंत मागे पडतो.

सध्याची व्यवस्था अशी आहे. महिन्यात एक शनिवार, फ्रीझरच्या दारावर कागद, ज्याला हवं त्याने आधी नाव आणि मिलिमोल लिहायचे. बाटलीवर तारीख आणि एनएमआरने काढलेली मोलॅरिटी, दोन्ही नसतील तर ती बाटली कुणी उचलायची नाही. उणे वीसवर आठवडाभर ठेवून पुन्हा मोजायचं, फार घसरलं असेल तर थायोसल्फेट टाकून संपवायचं. यादीत तिघांपेक्षा कमी नावं असली तर मामा भोसरीला जात नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.